तुम्ही कुठल्या, बाई?

(बुलढाणा जिल्ह्यातल्या महिला कार्यकर्त्यांच्या दोन दिवसांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)

मैत्रिणींनो,

काल संध्याकाळी ओळखी करून घेताना एक गंमत झाली. प्रत्येकीनं नाव आणि गाव सांगायचं होतं. नाव सांगताना कुणी अडखळलं नाही. गावाशी आलं की मात्र बऱ्याच जणी थबकल्या. “माहेर चिखलीचं, पण आता मेहकरला असते.” “मी मूळची मलकापूरची, दिली नांदुऱ्यात.” एकीनं तर सरळ विचारलं, “ताई, कोणतं सांगू?” थोड्या वेळानं चहाची किटली घेऊन एक पोरगा आला, असेल सोळा-सतरा वर्षांचा. त्याला कुणीतरी विचारलं, “कुठला रे तू?” तो म्हणाला, “इथलाच की!” आणि निघूनही गेला.

आजचा माझा विषय त्या पोराच्या ‘इथलाच’ या शब्दात आहे. पत्रकात ‘देशीवाद : राजकारणात आणि तत्त्वज्ञानात’ असं भारदस्त छापलंय. ते वाचून दोघी-तिघींनी मला सकाळी गाठलंच. रेशनकार्ड, पोटगी, मारहाणीच्या केसेस सोडून हे काय मध्येच? प्रश्न बरोबर आहे. एम.एस.डब्ल्यू. करताना मीही हा शब्द परीक्षेपुरता पाठ केला होता. त्याचा खरा अर्थ मला कळला तो अलीकडे, कागदपत्रांच्या रांगेत उभं राहून.

आपल्या जळगाव जामोद तालुक्याच्या डोक्यावर सातपुडा, आणि पलीकडे मध्य प्रदेशातला बऱ्हाणपूर जिल्हा. ही हद्द नकाशात आहे, पण सोयरीक जुळवताना ती कुणी बघत नाही. तिकडच्या मुली इकडे येतात, इकडच्या तिकडे जातात. अशीच एक बाई नऊ वर्षांपूर्वी लग्न होऊन इकडे आली. नाव-गाव सांगत नाही. दोन मुली झाल्या आणि नवऱ्यानं टाकलं. ती माहेरी गेली नाही. त्याच गावात एका खोलीत राहिली. कापूस वेचला, सोयाबीन सोंगलं, मुलींना शाळेत घातलं. २०२४ च्या जुलैत ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेचे अर्ज भरायला सुरुवात झाली. महिना १,५०० रुपये मिळणार होते. पात्रतेच्या यादीत विवाहित, विधवा, घटस्फोटित, परित्यक्ता, निराधार अशा सगळ्या होत्या. ‘परित्यक्ता’ हा शब्द शासननिर्णयात बघून मला बरं वाटलं होतं. पण महाराष्ट्राची रहिवासी असल्याचा पुरावा हवा होता. अधिवास प्रमाणपत्र, नाहीतर पंधरा वर्षांपूर्वीचं रेशनकार्ड, मतदार ओळखपत्र, शाळा सोडल्याचा दाखला किंवा जन्मदाखला यांपैकी काहीतरी. महाराष्ट्रातलं यातलं तिच्याकडे काहीच नव्हतं. अशा, परराज्यात जन्मलेल्या बायकांसाठी एक सोय ठेवली होती. नवरा महाराष्ट्राचा असेल तर त्याचा जन्मदाखला, शाळेचा दाखला किंवा अधिवास प्रमाणपत्र चालेल.

आता बघा. टाकलेली बाई म्हणून ती पात्र. आणि पात्रता सिद्ध करायची तर तिनं टाकणाऱ्याच्याच दारात जाऊन कागद मागायचा. ती गेली. कागद मिळाला नाही. काय मिळालं ते इथं सांगत नाही. परत येऊन ओट्यावर बसली आणि म्हणाली, “माहेरचे म्हनतेत तू आता महाराष्ट्राची. इथं मले एमपीवाली म्हनतेत. मंग मी कुठची वं ताई?”

ती सोय लिहिणाऱ्याचा हेतू वाईट होता असं मी म्हणत नाही. ती नसती तर सीमेवरच्या कितीतरी बायका सरसकट बाहेर राहिल्या असत्या. पण चांगल्या हेतूनं लिहितानाही लेखणीतून काय आलं? पुरुष कुठं जन्मला यावरून तो इथला ठरतो आणि बाई कुणाची बायको आहे यावरून इथली ठरते. हे कुणी मुद्दाम लिहीत नाही. ते आधीपासून आपल्या सगळ्यांच्या डोक्यात लिहिलेलं असतं.

इंग्रजीतल्या ज्या ‘नेटिव्हिझम’साठी आपण मराठीत कधी ‘देशीवाद’ म्हणतो, कधी ‘भूमिपुत्रवाद’, त्यातला ‘नेटिव्ह’ शब्द ‘जन्मणे’ या अर्थाच्या लॅटिन धातूवरून आला आहे. मुंबईत गेलेले आपले लोक ‘नेटिव्ह प्लेसला चाललो’ म्हणतात ना, तोच हा नेटिव्ह. इंग्रज आपल्याला नेटिव्ह म्हणायचे तेव्हा त्यात तुच्छता होती. पुढे तोच शब्द लोकांनी छातीवर मिरवला. आपल्याकडचा ‘जात’ हा शब्दही ‘जन्’ धातूचाच. जन्म कुठं झाला आणि कुणाच्या पोटी झाला, यावरून माणसाचा हक्क ठरवायचा, ही त्या शब्दाची राजकारणातली चाल.

अमेरिकेत १८५० च्या दशकात अशा लोकांचा एक पक्षच होता. आयर्लंड आणि जर्मनीतून येणाऱ्या कॅथलिकांना मतं, नोकऱ्या, पदं मिळू नयेत म्हणून तो झटत होता. पक्षाची सुरुवात गुप्त मंडळातून झाली. कुणी विचारलं तर ‘मला काही माहीत नाही’ म्हणायचं अशी शपथ असे, म्हणून लोकांनी त्यांचं नावच ‘नो-नथिंग’ ठेवलं. गंमत अशी की हे स्वतःला अस्सल नेटिव्ह म्हणवणारे लोक स्वतःच दोन-चार पिढ्यांपूर्वी जहाजातून उतरलेले. तिथले खरे मूळनिवासी आदिवासी या हिशोबात कुठंच नव्हते.

आपल्याकडे ही भाषा जोरात आली ती मुंबईत. १९ जून १९६६ ला शिवसेना स्थापन झाली. त्याआधीच ‘मार्मिक’ साप्ताहिकात मुंबईतल्या कंपन्यांमधल्या अमराठी अधिकाऱ्यांच्या नावांच्या याद्या छापून येऊ लागल्या होत्या. तेव्हा रोख दाक्षिणात्यांवर होता. २००८ साली महाराष्ट्र नवनिर्माण सेनेच्या आंदोलनात रेल्वेच्या परीक्षेला आलेल्या उत्तर भारतीय पोरांना मार बसला. यामागचं दुखणं खोटं नव्हतं. मुंबई ज्यांच्या लढ्यानं महाराष्ट्रात आली त्यांच्याच पोरांना तिथं काम मिळेना, हा राग मी समजू शकते. शिवसेनेच्या महिला आघाडीमुळे चाळीतल्या कितीतरी बायका पहिल्यांदा उंबऱ्याबाहेर आल्या, मोर्च्यात घोषणा द्यायला शिकल्या, हेही मान्य करायला हवं. आपल्या चळवळीतल्या काही जणींनी ते कधी मान्य केलं नाही, ती आपली चूक.

पण ‘भूमिपुत्र’ हा शब्द नीट ऐका. भूमीचा पुत्र. मुलगी कुठं गेली? ‘भूमिकन्या’ म्हटलं की आपल्याला एकच आठवते, सीता. सासरनं घालवल्यावर तिला शेवटी जमिनीच्याच पोटात जावं लागलं. आणि भूमी म्हणजे शेवटी सातबारा. महाराष्ट्रानं १९९४ साली आणि केंद्रानं २००५ साली हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती करून वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाच्या बरोबरीचा हिस्सा दिला. आपल्यापैकी किती जणींनी हक्कसोडपत्रावर सही केली आहे? हात वर करा म्हणत नाही. मी स्वतः केली आहे, तीही हसत हसत, भावानं घेतलेली साडी नेसून. गावातली जमीन सोडली की ‘मी इथली’ म्हणायचा कागदोपत्री उरलेला धागाही आपण आपल्या हातानं तोडतो. मग भूमिपुत्रांच्या मोर्च्यात आपण कोण म्हणून चालायचं? भूमिपुत्राची आई आणि बायको म्हणून.

बरं, ज्या भूमीचे पुत्र, ती भूमी तरी कुणाची? माझी आजी १९३८ सालची. घाटाखालच्या एका गावात जन्मली, तालुक्याबाहेर कधी राहिली नाही. जन्मली तेव्हा तिचं गाव मध्यप्रांत-वऱ्हाडात होतं. ती बारा वर्षांची असताना ते मध्य प्रदेशात गेलं, राजधानी नागपूर. १ नोव्हेंबर १९५६ ला द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात. तिच्या आजीच्या घरात निजामशाहीच्या गोष्टी सांगत. १८५३ पर्यंत वऱ्हाड हैदराबादच्या निजामाच्या कारभारात होतं आणि त्यानंतरही नावाला त्याचंच होतं. म्हणजे चूल तीच, विहीर तीच, आणि वयाच्या बाविसाव्या वर्षापर्यंत आजीनं चार राज्यं पाहिली. आजच्या हिशोबानं बऱ्हाणपूरच्या बाईला आपण एमपीवाली म्हणतो. पण १९५६ च्या आधी बऱ्हाणपूर आणि जामोद एकाच राज्यात होते.

आणि अस्सल मूळचे शोधायचेच असतील तर त्याच जामोदच्या वर डोंगरात चला. तिथल्या काही गावांमधून निहाल लोक राहतात. त्यांची निहाली भाषा जगातल्या कुठल्याही भाषाकुळात बसत नाही. मराठीशी नाही, कोरकूशी नाही, द्राविडी भाषांशीही नाही. भाषातज्ज्ञ कायपर यांनी १९६२ साली तिच्यावर पुस्तक लिहिलं. तिच्यातले बहुसंख्य शब्द कोरकूतून, मराठी-हिंदीतून, द्राविडीतून आलेले आहेत. स्वतःचे म्हणावेत असे शब्द साधारण पाव हिस्सा. ‘इथलीच’ म्हणावी अशी याहून दुसरी भाषा आपल्या जिल्ह्यात नसेल, आणि तीच शेजाऱ्यांच्या शब्दांनी भरलेली! भूमिपुत्रांच्या सभेत मात्र निहालांचं नाव मी कधी ऐकलं नाही. महाराष्ट्राच्या अनुसूचित जमातींच्या यादीतही त्यांची नोंद कोरकूंच्या नोंदीतच येते.

मूळ सिद्ध करायची वेळ आली की बाईचं काय होतं, हे मोठ्या प्रमाणावर आसामात दिसलं. तिथं नागरिकांची नोंदवही तयार झाली. २४ मार्च १९७१ पर्यंत आपले पूर्वज इथं होते हे दाखवायचं आणि आपण त्यांचेच वंशज हेही दाखवायचं. लहानपणी लग्न झालेल्या, शाळेत न गेलेल्या बायकांकडे जन्मदाखला नाही. मतदारयादीत नाव आहे ते ‘अमक्याची पत्नी’ म्हणून. बापाशी नातं दाखवायला त्यांनी ग्रामपंचायतीचे दाखले दिले. ते आधी उच्च न्यायालयानं नाकारले आणि डिसेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पडताळणीच्या अटीवर मान्य केले. ३१ ऑगस्ट २०१९ ला शेवटची यादी लागली. त्यात १९ लाखांवर माणसं बाहेर राहिली. इथं लाडक्या बहिणीला नवऱ्याचा कागद हवा होता, तिथं बापाचा. बाईच्या पुराव्यावर सही पुरुषाचीच लागते.

आता साहित्यातल्या देशीवादाकडे येते, कारण तो वेगळा आहे आणि मला त्याचं आकर्षण आहे. भालचंद्र नेमाडे आपल्या शेजारच्या खानदेशातले. त्यांनी देशीवाद मांडला, ‘टीकास्वयंवर’ १९९० साली आलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : साहित्य आणि विचार आपल्या मातीतून, आपल्या भाषेतून वर यायला हवेत, बाहेरून आणून लावलेलं रोप इथं रुजत नाही. कॉलेजात असताना हे वाचलं तेव्हा मला मोकळा श्वास घेतल्यासारखं झालं होतं. पुण्याच्या मुलींसमोर माझी वऱ्हाडी लपवणारी मी, पहिल्यांदा ‘काहून’ म्हणायला लाजले नाही.

या देशीपणाचा झरा तर आपल्याच भागात आहे. तेराव्या शतकात चक्रधरस्वामी इथं हिंडले. लोणार, मेहकर ही नावं लीळाचरित्रात आहेत. त्यांच्यामागे नागदेवाचार्यांनी शिष्यांना संस्कृतात लिहू दिलं नाही, कारण मग पंथातल्या म्हाताऱ्या बायका ज्ञानाला मुकतील. मराठीच्या बाजूनं दिलेला हा फार जुना निवाडा, आणि तो बायकांसाठी दिलेला. याच पंथातली महदाइसा मराठीतली पहिली कवयित्री. आणि ज्यांच्यामुळे हे झालं ते चक्रधर मूळचे कुठले? गुजरातचे, भडोचकडचे. आजच्या नियमानं त्यांना पंधरा वर्षांचं रेशनकार्ड दाखवावं लागलं असतं.

म्हणून मी देशीमध्ये दोन गोष्टी वेगळ्या करते. ज्यांना कळत नाही त्यांना कळावं म्हणून आपल्या बोलीत बोलायचं, ही एक. आणि ‘हे आपलं नाही’ म्हणून तोंड बंद करायचं, ही दुसरी. दुसरी आपल्या वाट्याला रोज येते. गावात मारहाणीची केस लावली की बैठकीतला एखादा शिकलेला माणूस म्हणतोच, “हे स्त्रीमुक्तीचं खूळ बाहेरचं आहे. आपल्या संस्कृतीत बसत नाही.” बाहेरचं? मी त्याला आपल्याच जिल्ह्याच्या ठिकाणाचा पत्ता देते.

ताराबाई शिंदे बुलढाण्याच्या. वडील बापूजी हरी शिंदे डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत हेडक्लार्क आणि सत्यशोधक समाजाचे. त्यांनी १८७१ साली इंग्रजीत एक पुस्तिका काढली होती, तिच्या नावात ‘एज्युकेटेड नेटिव्हज’ असे शब्द आहेत. शिकलेल्या नेटिव्हांना उपदेश! मुलीनं पुढे अकरा वर्षांनी शिकलेल्या-न शिकलेल्या सगळ्याच पुरुषांची हजेरी घेतली. ‘स्त्रीपुरुष तुलना’ १८८२ साली पुण्यात छापलं गेलं. निमित्त काय होतं? सुरतेला विजयालक्ष्मी नावाच्या ब्राह्मण विधवेला अनौरस मूल मारल्याबद्दल १८८१ साली फाशीची शिक्षा झाली, पुढे ती कमी झाली. त्यावरून वर्तमानपत्रात समस्त स्त्रीजातीवर चिखलफेक झाली. ताराबाई मराठा घरातल्या, बुलढाण्यात बसलेल्या. विजयालक्ष्मी ना त्यांच्या गावची, ना जातीची, ना भाषेची. ताराबाईंनी विचारलं नाही, ही कुठली. आणखी एक, ताराबाईंचा नवरा घरजावई होता. म्हणजे गाव सोडून बाईच्या घरी नांदायला आलेला नवरा! ताराबाईंना माहेर सोडावं लागलं नाही. त्यांच्या लेखणीतली ती बेडर धार यातून आली असेल का, असा विचार माझ्या मनात अनेकदा येतो.

आता तत्त्वज्ञान. घाबरू नका, ते आपल्या घरातच आहे. तिथं नेटिव्हिझम म्हणजे माणसाच्या मनात काही गोष्टी उपजतच असतात, हे मत. प्लेटोच्या एका संवादात सॉक्रेटिस एका अडाणी गुलाम पोराला नुसते प्रश्न विचारत जातो आणि पोरगं भूमितीचं कोडं सोडवतं. सॉक्रेटिस म्हणतो, ज्ञान आतच होतं. (पोराचं पुढे काय झालं? गुलामच राहिलं.) देकार्तनं उपजत कल्पना मानल्या. इंग्लंडच्या जॉन लॉकनं १६९० च्या आपल्या ग्रंथात ते खोडून काढलं. मन म्हणजे कोरा कागद, अनुभव त्यावर लिहितो. विसाव्या शतकात चॉम्स्कीनं भाषेपुरतं पुन्हा उलट सांगितलं. भाषा शिकण्याची तयारी माणसाचं मूल जन्माला येतानाच घेऊन येतं.

यातलं खरं कोणतं, हा वाद मोठ्या लोकांनी करावा. मला त्यातली एकच गोष्ट महत्त्वाची वाटते. या तत्त्ववेत्त्यांच्या मते जे उपजत आहे ते सगळ्या माणसांत सारखं आहे. गुलामाला भूमिती येते. मुलाला भाषा येते, पण कोणती भाषा हे जन्मानं ठरत नाही. त्या बऱ्हाणपूरच्या बाईच्या मुली बघा. आईच्या माहेरची बोली आणि गल्लीतली वऱ्हाडी दोन्ही फडाफडा बोलतात. राजकारणातला नेटिव्हिझम नेमका उलट चालतो. तो म्हणतो, जन्मानं माणसं वेगळी होतात. शब्द एक, पण एकाचं तोंड पूर्वेला आणि दुसऱ्याचं पश्चिमेला.

बाईच्या बाबतीत मात्र या दोन्हींची गाठ मारली जाते. ‘बाईच्या जातीला माया उपजतच.’ ‘मुलींना सोसायचं शिकवावं लागत नाही.’ बोलायचं ढंग तत्त्वज्ञानाचं, काम वेगळं काढण्याचं. सोसणं उपजत असतं तर ते शिकवायला एवढ्या ओव्या, एवढी व्रतं, एवढे फटके कशाला लागले असते? ताराबाईंचा सगळा रोख हाच होता. साहस, कपट, अविचार हे दुर्गुण तुम्ही स्त्रीच्या स्वभावात असतात म्हणता, ते पुरुषांत नाहीत का? एकेक दुर्गुण घेऊन त्यांनी पुरुषांसमोर आरसा धरला. सिमोन द बोव्हारचं ‘द सेकंड सेक्स’ यायला अजून ६७ वर्षं होती. आणि हे बुलढाण्यातून लिहिलेलं पुस्तक आपण विसरलो होतो. स. गं. मालशे यांनी १९७५ साली ते पुन्हा छापलं तेव्हा आपल्या हाती आलं.

१२ जानेवारीला आपण सगळ्या सिंदखेडराजाला जातो. जिजाऊ आमच्या म्हणतो, आणि खरंच आहे. पण शिवनेरीचे लोकही आमच्या म्हणतात, पुण्याचेही, रायगडाच्या पायथ्याशी पाचाडला समाधी आहे तिथलेही. त्या सिंदखेडच्या की पाचाडच्या, असं कुणी विचारत नाही. मग आपल्या वस्तीत लग्न होऊन आलेल्या बाईला आपण काय म्हणून विचारतो? ‘आपण’ म्हणते आहे, कारण बचत गटात तिला घ्यायचं का हा प्रश्न निघाला तेव्हा “ती आपल्याकडची नाही, उद्या पैसे घेऊन निघून गेली तर?” असं म्हणणाऱ्या बायकाच होत्या. आपल्याच संघटनेच्या. त्यातली प्रत्येक जण स्वतः दुसऱ्या गावाहून नांदायला आलेली. त्या दिवशी मीही गप्प बसले, कारण कर्जाची थकबाकी माझ्या डोक्यात होती.

दुपारच्या गटचर्चेसाठी मी दोन कामं आणली आहेत. एक, आपापल्या गावातल्या परराज्यातून किंवा दूरच्या जिल्ह्यातून लग्न होऊन आलेल्या आणि आता एकट्या राहणाऱ्या बायकांची यादी. कुणाकडे कोणता कागद आहे, कोणता नाही, आणि तो कुणाच्या ताब्यात आहे. दुसरं, तहसीलदारांना द्यायच्या निवेदनाचा मसुदा. मागणी एवढीच : बाई स्वतः किती वर्षं इथं राहते-राबते याचा पुरावा धरावा. मुलांच्या शाळेची नोंद, रोजगार हमीचं जॉबकार्ड, अंगणवाडीचं रजिस्टर, आशाताईंची नोंद यांत तिचं नाव असतं. ते तिनं मिळवलेलं असतं, नवऱ्यानं दिलेलं नसतं. मसुदा कच्चा आहे, सुधारा.

आणि ती बाई आज इथं आहे. काल ओळखीच्या वेळी ती शेवटून तिसरी होती. तिनं नाव सांगितलं, मग जरा थांबली आणि आपल्या वस्तीचं नाव सांगितलं. पुढचीनं लगेच विचारलं, “आणि माहेर?”